शांत झालं, की नुसतं गप्प झालं?

मोबाइलवर कुत्र्याचं किंवा मांजराचं एखादं रील शेवटपर्यंत पाहिलं, की पुढचे आठ दिवस एकच जाहिरात पाठ सोडत नाही. पाळीव प्राण्यांच्या ताणावरचे 'नैसर्गिक' थेंब, गोळ्या, चघळायच्या वड्या. बाटलीवर अश्वगंधा, ब्राह्मी, कॅमोमाइल, हेम्प यांची चित्रं असतात आणि चव चिकनची असते. खाली हमखास एक ओळ असते : हजारो वर्षांची परंपरा.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. कोडमध्ये एखादी ओळ खटकली, की ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे शोधायची आमच्या धंद्याला सवय असते. त्यात गेल्या दिवाळीआधी आईनं चिखलीहून अशाच एका बाटलीचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, "राजासाठी मागवू का?" राजा आमचा गावठी कुत्रा. पहिली लवंगी वाजली, की तो मोरीत शिरतो आणि मध्यरात्रीपर्यंत थरथरत बसतो. आईला उत्तर द्यायचं म्हणून मी त्या 'हजारो वर्षां'चा माग काढायला लागलो. सापडलेला इतिहास बाटलीवरच्या ओळीपेक्षा खूप गुंतागुंतीचा निघाला.

परंपरा कोणाची?

आपल्याकडे जनावरांच्या वैद्यकाची जुनी परंपरा आहे, यात शंका नाही. हत्तींसाठी पालकाप्य मुनींच्या नावावरचा 'हस्त्यायुर्वेद' आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे. गाईबैलांवरचे उपचार पुराणांतही सापडतात. राजाचं युद्ध हत्ती-घोड्यांवर चालायचं आणि शेतकऱ्याचं घर बैलावर. ज्याच्यावर राज्य आणि पोट अवलंबून, त्याच्या दुखण्याला ग्रंथ मिळाला.

कुत्रा या ग्रंथांतून गायब नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त कुत्र्यांवर प्रकरण आहे, पण ते राजाच्या करमणुकींमध्ये, शिकारीच्या संदर्भात. मांजर तर आपल्याकडे उंदरांसाठी पाळलेलं. घाबरलेल्या कुत्र्याला किंवा बिथरलेल्या मांजराला अमुक मुळी द्यावी, असं सांगणारं हत्ती-घोड्यांच्या तोडीचं शास्त्र काही मला सापडलं नाही.

भाषेतही हे दिसतं. बुलडाणा जिल्ह्यात आजही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक 'गुरांचा दवाखाना' म्हणतात आणि डॉक्टरांना 'गुरांचे डॉक्टर'. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून कडक झालेले बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात, शेकतात. त्या दिवशी कुत्रा तिथंच अंगणात बसलेला असतो, पण त्याचे खांदे कोणी चोळत नाही. यात क्रूरपणा आहे असं नाही. दुखणं कोणाचं मोजायचं, याचा तो जुना हिशेब आहे.

अश्वगंधेचंही तसंच. तिच्या मुळ्यांना घोड्यासारखा वास येतो म्हणून ते नाव पडलं. माणसाच्या औषधात ती जुनीच आहे. कुत्र्याच्या ताणावर मात्र तिची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली ती २०२२ मध्ये. म्हणजे बाटलीतली वनस्पती हजारो वर्षांची खरी, पण कुत्र्यासाठीचा तिचा वापर माझ्या फोनपेक्षा फार म्हातारा नाही.

मांजरानं स्वतः शोधलेली मुळी

एक परंपरा मात्र खरोखर जुनी आहे आणि ती जनावरांचीच आहे. अथर्ववेदात औषधी वनस्पतींवरचं एक सूक्त आहे. रानडुकराला वनस्पती ठाऊक असते, मुंगसाला औषध ठाऊक असतं, असं त्यात म्हटलं आहे. आधी जनावराला कळलं, मग माणसानं पाहिलं.

याचं उदाहरण आपल्या परसात उगवतं. पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीखाली खोकली नावाचं तण येतं. शास्त्रीय नाव अकॅलिफा इंडिका. आपण तिला नाव दिलं ते आपल्या खोकल्यावरून. तमिळमध्ये तिचं एक नाव 'पूनैवणंगी' आहे, म्हणजे मांजर जिला नमस्कार करतं ती. तिची मुळी उपटली, की मांजर येऊन तिच्यावर गाल घासतं, लोळतं, लाळ गाळतं. तमिळ माणसानं मांजराकडे पाहून नाव ठेवलं, आपण आपल्या छातीकडे पाहून.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या मुळीतून मांजरांना खेचणारी दोन द्रव्यं ओळखली. पाश्चात्त्य घरांत मांजरांना देतात त्या 'कॅटनिप'मधल्या द्रव्याच्या ती नात्यातली निघाली. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी 'सिल्व्हर व्हाइन' या त्यांच्याकडच्या वेलीवर काम केलं. असा वास घेतल्यावर मांजराच्या शरीरात बीटा-एन्डॉर्फिन वाढतं. शिवाय तो रस अंगाला लागलेल्या मांजरावर डास कमी बसतात. म्हणजे मांजराची ती नशा बहुधा अंगाला ओडोमॉस चोळण्याचाच प्रकार असावा.

इथं एक सावधगिरी. खोकलीत सायनाइड सोडणारं एक द्रव्यही असतं. मांजर तिच्यावर लोळतं, म्हणून तिचा काढा मांजराच्या पोटात घालावा, असं होत नाही. शिवाय कॅटनिपचा परिणाम सगळ्या मांजरांवर होतही नाही. तो आनुवंशिक असल्याचं नील टॉड यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं. शेजारणीच्या मनीला लागू पडलेली पुडी आपल्या मनीला लागू पडेलच असं नाही, ते यामुळे.

कलकत्त्याचा कुत्रा

कुत्र्याला वनस्पती देऊन काय होतं हे काटेकोर लिहून ठेवणारा भारतातला पहिल्या काही माणसांपैकी एक म्हणजे डॉ. विल्यम ओशॉनेसी. पुढे भारतात टेलिग्राफच्या तारा टाकणारा हाच. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात असताना त्यानं गांजा-चरसावर प्रयोग केले. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला दहा ग्रेन, म्हणजे सुमारे ०.६५ ग्रॅम, नेपाळी चरस दिला. अर्ध्या तासात कुत्रा सुस्त झाला, डुलक्या घेऊ लागला, मध्येच उठून शेपटी हलवू लागला, अधाशासारखा खाऊ लागला. हाक मारली की झोकांड्या खात यायचा. सहा तासांनी पूर्ववत झाला. ओशॉनेसीला एक फरकही दिसला : कुत्रा, मांजर, डुक्कर, कावळा यांना नशा पटकन चढते. घोडा, शेळी, गाय यांच्यावर फारसा परिणाम होत नाही.

या नोंदीत कुत्रा खूश दिसतो. पण तो रुग्ण नव्हता. त्याला काही होत नव्हतं आणि कोणी त्याला बरं करत नव्हतं. माणसाला द्यायच्या औषधाची तो चाचणी होता.

१८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारनं गांजा-भांगेच्या वापराची चौकशी करायला 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. बुलडाणा तेव्हा वऱ्हाडात होता आणि वऱ्हाडातल्याही साक्षी आयोगानं घेतल्या. साक्षीदारांना पाठवलेल्या सत्तर प्रश्नांमध्ये गुरांच्या आजारावर या वस्तू देतात का, हाही प्रश्न होता. प्रश्न गुरांचा होता. कुत्र्या-मांजरांबद्दल विचारायचं साहेबाच्याही डोक्यात आलं नाही.

कुत्र्याची आठवण झाली ती भलत्याच कामासाठी. वेगवेगळ्या ठिकाणच्या गांज्याचा जोर वेगवेगळा असे आणि तो मोजायला रासायनिक पद्धत नव्हती. म्हणून १९१६ च्या अमेरिकन औषधकोशानं कुत्रा हेच मोजमाप ठरवलं. अर्क ठरावीक प्रमाणात पाजायचा आणि कुत्र्याचा तोल जातो का ते पाहायचं. तोल गेला तर माल पास. म्हणून आज 'हेम्प' लिहिलेलं तेल हातात आलं, की मला आधी तो लटपटणारा कुत्रा आठवतो. गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, कुत्र्याला माणसापेक्षा जास्त बाधतं. तेलात ते किती आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालावर लिहिलेलं नसेल, तर मोजमाप पुन्हा आपल्याच कुत्र्यावर होणार.

सर्पगंधा आणि न हलणारे ससे

या इतिहासातला सर्वांत मोठा वळसा महाराष्ट्र-गोव्यातून जातो. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. नागाशी लढण्याआधी मुंगूस एक मुळी खातं, ही लोककथा त्यात आहे. ती मुळी म्हणजे सर्पगंधा, असं काही अभ्यासक मानतात. उत्तरेत सर्पगंधा वेड लागलेल्या माणसाला शांत करायला देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या परिणामांवर लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं.

रेसर्पिन दिलेली प्रयोगशाळेतली जनावरं शांत व्हायची. आधीच्या झोपेच्या औषधांसारखी गाढ झोपायची नाहीत, नुसती निवांत दिसायची. हा परिणाम सांगायला सिबाच्या फ्रेडरिक याँकमन यांनी १९५३ मध्ये एक शब्द चालवला : ट्रँक्विलायझर. आज जगभर बोलला जाणारा हा शब्द आपल्या रानातल्या मुळीमुळे आणि पिंजऱ्यातल्या जनावरांमुळे आधुनिक औषधशास्त्रात आला. मग तेच औषध फिरून जनावरांकडे गेलं. विदेशात बिथरणाऱ्या घोड्यांना रेसर्पिन देऊ लागले, इतकं की घोड्यांच्या स्पर्धांत त्यावर बंदी घालावी लागली.

पण ती जनावरं खरंच निवांत होती का? १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे हलेनासे झाले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. रेसर्पिननं सशांच्या मेंदूतली डोपामिनसारखी द्रव्यं रिती केली होती. हलायचा हुकूमच मेंदूतून निघत नव्हता, म्हणून ते 'शांत' होते. पार्किन्सनच्या रुग्णाचं शरीर अडतं, तशी ती अवस्था होती. याच धाग्यावरून पार्किन्सनचा उपचार सापडला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसलो. मुळी नैसर्गिक, परंपरा जुनी, परिणाम डोळ्यांना दिसणारा. आणि तरीही बाहेरून जी शांतता दिसत होती, ती आतून शांतता नव्हती. पशुवैद्यकात हाच धडा दुसऱ्या एका औषधानं दिला. असेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं दिलं जायचं. कुत्रं पडून राहायचं, घरचे सुटकेचा श्वास घ्यायचे. आता वर्तनतज्ज्ञ पशुवैद्य ते एकटं देऊ नका म्हणतात. शरीर जखडतं, पण भीती तशीच राहू शकते. धडाम आवाज येतोय आणि पळताही येत नाही. माणसाला असं स्वप्न पडलं तर तो ओरडत उठतो.

पुरातले कुत्रे

कुत्र्याची भीती हीच अभ्यासाची गोष्ट आहे, हे पहिल्यांदा गांभीर्यानं दिसतं ते पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरलं आणि कुत्र्यांना कसंबसं पोहत बाहेर काढावं लागलं. पुरानंतर काही कुत्रे पार बदलले. शिकलेलं विसरले, खाईनात. पुढे एकदा दाराखालून पाण्याचा लहानसा ओघळ आत सोडला, तर सावरलेला कुत्रा पुन्हा ढासळला.

पावलॉव्ह यांनी अशा कुत्र्यांना ब्रोमाइड दिलं, विश्रांती दिली. त्यांच्या लक्षात आलं, की एकच मात्रा सगळ्यांना चालत नाही. हळव्या स्वभावाच्या कुत्र्याला अगदी थोडी मात्रा पुरते, जास्त झाली तर तब्येत बिघडते. शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं आधी विचारलं, की हा कुत्रा कोणत्या स्वभावाचा आहे, आणि मग मात्रा ठरवली. आजच्या बाटलीवर मात्रा फक्त किलोवर असते.

मग चालतं काय?

फिनलंडमध्ये २०२० साली सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती गोळा केली, तेव्हा ३२ टक्के कुत्रे आवाजाला घाबरणारे निघाले. म्हणजे राजाचं काही जगावेगळं नाही. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना फटाक्यांच्या भीतीवर काय उपयोगी पडलं ते विचारलं. वनस्पतींची औषधं, पूरक गोळ्या, होमिओपॅथी, गंधाचे डिफ्यूझर यांपैकी कशानेही फरक पडला असं म्हणणारे २७ ते ३५ टक्के होते. इतका फरक नुसत्या आशेनंही वाटू शकतो, असं त्यांचं म्हणणं. पशुवैद्यानं लिहून दिलेल्या औषधांना जवळजवळ ७० टक्के लोकांनी कौल दिला. आणि त्याहून किंचित वरचढ ठरली ती फुकटची युक्ती : प्रत्येक आवाजानंतर लगेच कुत्र्याला आवडता खाऊ द्यायचा किंवा त्याच्याशी खेळायचं.

हे मालकांचं मत आहे, काटेकोर चाचणी नाही, हे खरं. दुधातल्या प्रथिनापासून केलेलं अल्फा-कॅसोझेपिन, चहातलं एल-थिअनिन यांच्यावर लहान लहान चाचण्या झाल्यात आणि काहींचे निकाल आशादायक आहेत. लव्हेंडरच्या वासानं आश्रयगृहातले कुत्रे कमी भुंकले आणि जास्त पडून राहिले, असंही २००५ च्या एका प्रयोगात दिसलं. पण 'पडून राहिले' वाचलं, की मला ते ससे आठवतात.

सगळंच नैसर्गिक खोटं, असं मी म्हणत नाही. उलट यातल्या काही गोष्टी चांगल्याच जोरकस आहेत आणि म्हणूनच जपायला हवं. माणसांच्या गमीजमध्ये झायलिटॉल ही गोड वस्तू असू शकते. ती कुत्र्याचा जीव घेऊ शकते. द्राक्षं-मनुकाही कुत्र्याला घातक. मांजराच्या यकृतात काही द्रव्यं निकामी करणारी एक यंत्रणा नीट चालत नाही, म्हणून टी ट्री ऑइल किंवा आपली साधी पॅरासिटामॉलची गोळीही तिला मारू शकते. काही द्यायचंच असेल तर आधी पशुवैद्याला विचारावं. दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी. तालुक्याचे डॉक्टर गाई-म्हशींमध्ये अडकलेले असतात हे मला माहीत आहे. पण कुत्र्याची भीती त्यांच्यापुढे मांडणारं कोणी गेलंच नाही, तर तो दवाखाना कायम गुरांचाच राहणार.

आईला मी हे सगळं फोनवर थोडक्यात सांगितलं. शेजारी बसलेल्या आजीनं ऐकलं आणि तिच्या वऱ्हाडीत निकाल लावला, "त्याले भेव वाटते, त्याले दवाई कायची देता? जवळ बसा त्याच्या." घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते, असं आधी शिकवायचे. आजचे वर्तनतज्ज्ञ ते मानत नाहीत. पावलॉव्ह यांच्याकडे शिकलेले अमेरिकन डॉक्टर हॉर्सली गँट यांनी पुढे मोजूनच दाखवलं, की माणसानं हात फिरवला की कुत्र्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. मोरीत गोधडी टाकली गेली, दार उघडं ठेवलं, टीव्हीचा आवाज वाढवला आणि प्रत्येक बारनंतर उकडलेल्या कलेजीचा तुकडा. राजा पहिल्या रात्री तुकड्याला शिवलाही नाही. तिसऱ्या रात्री थरथरत का होईना, खाऊ लागला. ज्यांचं कुत्रं याहून जास्त घाबरतं, खाणंपिणं सोडतं, भिंतीवर आपटतं, त्यांना पशुवैद्याचं औषध लागेल आणि त्यात कमीपणा नाही.

पावणेदोनशे वर्षांच्या या नोंदींमध्ये आपण एकच गोष्ट मोजत आलो : जनावर किती हललं, किती भुंकलं, कधी पडलं. ते मोजणं सोपं होतं आणि आपल्या सोयीचंही. कुत्र्याची भीती कमी झाली का, हे कळायला वेगळं पाहावं लागतं. तो खातो का, हाकेला कान हलवतो का, आपणहून जवळ येतो का, आवाज थांबल्यावर किती वेळात सावरतो. यातलं काहीच बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते पाहायला कोणीतरी घरचं माणूस त्याच्याजवळ बसलेलं असावं लागतं.